माधुरी पुरंदरे
माधुरी पुरंदरे (जन्म : १९५२) या मराठी लेखिका, चित्रकार, अनुवादक व गायिका आहेत. लहान मुलांसाठी स्वतः लिहिलेल्या आणि स्वतःच चित्रित केलेल्या पुस्तकांमुळे त्या विशेष परिचित आहेत. इतिहासलेखक बाबासाहेब पुरंदरे आणि समाजकार्यकर्त्या निर्मला पुरंदरे यांच्या त्या कन्या होत.

== जडणघडण ==
पुरंदरे यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले व पुढील अभ्यास पॅरिस येथे केला. पुण्यात त्यांनी अनेक वर्षे फ्रेंच भाषा शिकवली. 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकाशी गायिका-अभिनेत्री म्हणून त्यांचे नाव जोडलेले आहे. प्रौढ वाचकांसाठी त्यांनी 'पिकासो' हे चरित्र लिहिले आणि सॅम्युएल बेकेट यांच्या 'वेटिंग फॉर गोदो'चा मराठी अनुवाद केला.

बालसाहित्याकडे नेणारी वाट मात्र बालवाडीतून गेली. निर्मला पुरंदरे यांनी स्थापन केलेली 'वनस्थळी' ही संस्था ग्रामीण स्त्रियांना बालवाडी चालवण्याचे प्रशिक्षण देते. या संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन माधुरी पुरंदरे यांनी केले. खेड्यातील बालवाडीताईला वर्गात वाचून दाखवता येईल, मुलांना पाहता येईल आणि पाहून बोलता येईल, असे मराठी साहित्य त्या काळी फारच थोडे होते.

== चित्रपुस्तके ==
मराठी बालपुस्तकांत लेखकाने मजकूर लिहावा आणि प्रकाशकाने नंतर चित्रकाराकडून त्यात चित्रे भरून घ्यावीत, अशी रीत दीर्घकाळ होती. चित्र हे मजकुराचे अलंकरण ठरे. चित्रपुस्तकाचे गणित निराळे असते. त्याची पाने छपाईच्या सोयीने बहुधा आठाच्या पटीत ठरतात. तेवढ्यातच गोष्ट बसवायची, आणि पान उलटताना मुलाला पुढचे काही तरी हवेसे वाटले पाहिजे. चित्रात दिसणारी गोष्ट शब्दांनी पुन्हा सांगितली, तर दोन्ही दुबळी होतात. लेखणी आणि कुंचला एकाच हाती असल्याने पुरंदरे यांना हा समतोल साधतो. घरातला पसारा, माणसांच्या बसण्याउठण्याच्या लकबी, चेहऱ्यावरची नाराजी या गोष्टी त्या चित्रावर सोपवतात. 'चित्रवाचन' या पुस्तकात तर बोलण्याचे काम मुलांकडेच येते.

'राधाचं घर', 'यश' ही मालिका, 'हात मोडला', 'पाहुणी', 'मामाच्या गावाला', 'सख्खे शेजारी', 'बाबाच्या मिश्या' ही त्यांची काही पुस्तके. ती प्रामुख्याने ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. राजपुत्र, पऱ्या किंवा शेवटी उपदेश करणारे प्राणी येथे नाहीत. मोडलेला हात, घरी आलेला पाहुणा, वडिलांच्या मिशांविषयीचे कुतूहल एवढा ऐवज मुलाच्या दृष्टीने पुरेसा मोठा आहे, ही त्यामागील धारणा. शीर्षकातील 'राधाचं' हे रूपही लक्षात घेण्याजोगे आहे. शालेय पुस्तकांत ते 'राधाचे' झाले असते. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला घरात ऐकलेली भाषाच कागदावर भेटते. अनेक शिक्षकांना खटकणारी ही निवड मुलांच्या दृष्टीने योग्यच म्हणावी लागेल.

== संपादन व अनुवाद ==
'वाचू आनंदे' या बाल व कुमार गटांसाठीच्या संग्रहांत मराठी साहित्यातील निवडक उतारे आणि भारतीय चित्रकलेचे नमुने शेजारी शेजारी ठेवले आहेत. उताऱ्याखाली प्रश्नोत्तरे लिहून घेण्याची सवय जडलेल्या शाळांनी तो जरूर पाहावा. 'लिहावे नेटके' हा संच शुद्ध व सुबोध मराठी लेखनाचा सराव करून घेतो. 'हॅनाची सूटकेस' आणि 'झाडं लावणारा माणूस' हे त्यांचे अनुवादही वाचकप्रिय आहेत.

== पुरस्कार ==
साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. तो एका पुस्तकासाठी नसून बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी होता. २०१६ साली टाटा न्यासाच्या 'पराग' उपक्रमातर्फे देण्यात येणाऱ्या 'बिग लिटल बुक' पुरस्कारासाठी लेखक म्हणून त्यांची निवड झाली. चित्रकाराचा पुरस्कार त्या वर्षी अतनू रॉय यांना देण्यात आला.