तोंड फिरवणारी चाल

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ (२००१) या गेममध्ये मारियो नुसता केप झटकतो. इजा किरकोळ, पण समोरच्याचं तोंड उलटं फिरतं. कडा गाठायला झेपावलेला खेळाडू मग स्वतःच्याच जोरानं खाली जातो.

हा डाव नगरकरांना नवा नाही. १६२४ साली मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन निजामशाहीवर चालून आल्या. निजामशाहीचा सूत्रधार होता मलिक अंबर, एकेकाळचा हबशी गुलाम. समोरासमोर भिडण्याऐवजी त्यानं मागे सरकत शत्रूला आत ओढलं, रसद तोडली आणि भातवडीच्या तलावाचं पाणी सोडून छावणीत चिखल केला. मोठी फौज ही शत्रूची ताकद. आता तीच ओझं झाली. जितकी तोंडं, तितकी उपासमार.

आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. वारं असं फिरलं, की पुढे अंबरच विजापूरला वेढा घालायला गेला.

अंबरच्या बाजूनं शहाजीराजे लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी मात्र भातवडीतच पडले. गेममध्ये पडलेला गडी पुन्हा उभा राहतो. रणात जिंकणाऱ्यालाही ती सोय नसते.