क्विरिनाल राजवाडा आणि रोमचे यहुदी

रोमच्या सात टेकड्यांपैकी क्विरिनाल टेकडीवर सुमारे १,२०० दालनांचा एक जुना राजवाडा आहे. आज तेथे इटलीच्या राष्ट्रपतींचे निवासस्थान व कचेरी असून पंतप्रधान आणि मंत्री तेथेच शपथ घेतात. प्रवासी मंडळी बाग आणि चित्रे पाहून परततात. पण या वास्तूच्या धन्यांचा इतिहास आपण मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे.

इ. स. १५८३ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी हा वाडा बांधावयास घेतला. उंचावरची हवा निरोगी होती. खाली, टायबर नदीच्या पुरात बुडणाऱ्या सखल जागेत, रोमचे यहुदी १५५५ पासून पोपच्या हुकुमाने कोंडलेले होते. त्या वस्तीला घेटो म्हणत. रात्री तिचे दरवाजे बंद होत. पुरुषांनी पिवळी टोपी घालावी, घर-जमीन बाळगू नये, असे नियम होते. पोप हे धर्मगुरू तसेच राजेही असल्यामुळे दाद मागावी तरी कोठे?

१८०९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी पोप सातवे पायस यांना याच वाड्यातून पकडून नेले. फ्रेंचांच्या अमलात यहुद्यांना समान हक्क मिळाले. १८१४ मध्ये पोप परतताच ते गेले.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले. तटावर तोफा डागणाऱ्या एका तुकडीचे कॅप्टन जाकोमो सेग्रे यहुदी होते. पोपनी वाड्याच्या किल्ल्या दिल्या नाहीत, म्हणून कुलूप उघडण्यास कारागीर बोलवावा लागला. ऑक्टोबरात राजाच्या हुकुमाने यहुदी बरोबरीचे नागरिक झाले. १९१० मध्ये लुइजी लुझ्झात्ती हे यहुदी गृहस्थ पंतप्रधानही झाले.

परंतु त्याच राजघराण्यातील तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल यांनी १९३८ साली मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांवर सही केली. यहुदी मुलांना सरकारी शाळा बंद झाल्या, शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनांनी रोममध्ये धरपकड केली आणि हजाराहून अधिक यहुदी ऑशविट्झला पाठविले. परत आले अवघे सोळा.

१९४६ साली जनतेच्या कौलाने राजेशाही संपली. १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे धर्म व वंश यांचा भेद न करता सर्व नागरिक कायद्यापुढे समान आहेत.

कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आपल्या पूर्वजांना घेटो ठाऊक नव्हता. रोमच्या बांधवांना मात्र एका सहीने मिळालेला हक्क दुसऱ्या सहीने जाताना पाहावा लागला. आज त्या वाड्यात राहणाऱ्या राष्ट्रपतींनाही घटना पाळण्याची शपथ घ्यावी लागते, हेच मोठे समाधान.