लससक्ती, रुग्णालयीन कर्मचाऱ्यांची
रुग्णालयातील नोकरीसाठी लस घेण्याची अट. अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये फ्लूची लस अशी सक्तीची केली. आधी आवाहने करूनही जेमतेम निम्मे कर्मचारी ती टोचून घेत. सक्तीनंतर पहिल्याच हंगामात हे प्रमाण ९७ टक्क्यांवर गेले. नोकरी सोडणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. परिचारिका संघटनेचा मुख्य आक्षेप वाटाघाटीविना लादलेल्या अटीला होता. लवादाने, पुढे २००७ मध्ये अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. आक्षेप रास्तच, पण त्याने सक्तीमागचे कारण खोटे ठरत नाही, कारण अतिदक्षता विभागातला रुग्ण आपली परिचारिका निवडू शकत नाही. सक्तीची लंगडी बाजू वेगळीच आहे. फ्लूच्या लशीचा प्रभाव दरवर्षी बदलतो आणि लस घेतलेल्यालाही संसर्ग होतो. गोवराच्या लशीइतका भक्कम आधार येथे नसल्याने नकार देणाऱ्याला बडतर्फीऐवजी मास्कचा पर्याय देणेच न्याय्य ठरते.