औषध का सुटते? : क्षयोपचाराच्या इतिहासातील एक शेरा



ज्या गुरुजींनी या शाळेत मला इतिहास शिकवला, त्यांच्या स्मृतिदिनी बोलताना विषय म्हणून मी राजे किंवा तह घेतलेले नाहीत; एक दवाखान्याचे कार्ड घेतले आहे. ते माझ्या आत्याचे. १९६४ साली ती क्षयाच्या औषधासाठी दरमहा खानापूरहून बेळगावला येत असे. जूननंतर कार्डावर नोंद नाही. खाली शेरा आहे, 'रुग्ण निष्काळजी'. कागद काय म्हणतो त्याआधी तो कोणी लिहिला ते पाहा, असे गुरुजी सांगत.

आत्याच्या पिढीपूर्वी क्षय म्हणजे सॅनेटोरियम. आमच्या भागात मिरजेजवळचे वानलेसवाडी. स्ट्रेप्टोमायसिन, पीएएस आणि १९५२ सालचे आयसोनियाझिड यांनी चित्र पालटले. पण एवढ्या रुग्णांना खाटा कोठून आणायच्या? १९५६ साली मद्रासला क्षय रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तेथे दाटीवाटीच्या घरांतील गरीब रुग्णांपैकी काहींना घरीच ठेवून, तर काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवून वर्षभर तीच औषधे दिली. विश्रांती आणि सकस आहार सॅनेटोरियमच्या वाट्याला आला, तरी घरच्या रुग्णांचा गुण जवळजवळ तितकाच आला. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर खाटांचे महत्त्व ओसरले.

त्या प्रयोगाचा दुसरा धडा मात्र मागे पडला. मद्रासचे संशोधक अवचित घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. एवढी राखण करावी लागली, यातच सारे आले. केंद्राचे वॉलेस फॉक्स यांनी तर रुग्णाने स्वतः औषध घेण्याच्या अडचणीवर १९५८ सालीच स्वतंत्र लेख लिहिला होता. ही अडचण रोगाच्या स्वभावातच आहे. काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते; मंद वाढणारे जंतू मात्र दडून राहतात. म्हणजे ज्याला बरे वाटते त्यानेच पुढे वर्ष-दीड वर्ष औषध घ्यायचे. त्यात पीएएसची मात्रा दिवसाला सुमारे दहा ग्रॅम, आणि सोबत मळमळ.

रुग्णांना काळजीच नसते, हा समजही १९६३ सालीच खोटा ठरला होता. तुमकूर जिल्ह्यात डी. बॅनर्जी आणि अँडरसन यांना आढळले की क्षयाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी आपणहून दवाखाना गाठला होता. त्यांतील पुष्कळांची बोळवण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर झाली होती.

रिफॅम्पिसिनमुळे पुढे उपचार सहा महिन्यांवर आले. १९९७ पासून देशभर राबवलेल्या कार्यक्रमात गोळी समोर गिळवून घेण्यावर भर होता. पण आठवड्यातून तीनदा केंद्रावर जायचे म्हणजे मजुराने रोजगार बुडवायचा! २०१७ साली रोजची मात्रा आली. एप्रिल २०१८ पासून आहारासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. औषध सोडणाऱ्यास 'डिफॉल्टर', म्हणजे कर्ज बुडवणाऱ्याचेच विशेषण, लावले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द २०१३ साली वगळला. भाषेला एवढा वेळ लागला, तर मनांना किती लागेल?

आत्याने आपली हकीकत मला फार उशिरा सांगितली. भातलावणी सुरू झाली होती. एक दिवस बेळगावला जायचे म्हणजे बसचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जात. घरात रोगाचे नाव फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या. जावांसमोर त्या गिळणार कशा? तापही उतरला होता. दोन वर्षांनी रोग उलटला. त्या खेपेस तिच्या गावचे मास्तर स्वतःच्या कामासाठी दरमहा बेळगावला जात, तेव्हा औषध आणून देऊ लागले. सासूलाही त्यांनीच समजावले. ते दुसरे कार्डही माझ्यापाशी आहे; त्यावर अठरा महिन्यांच्या नोंदी आहेत.