जक्कयाच्या बायकोनं काय रांधलं?

आमच्या घरी चर्चच्या जुन्या कॉन्फरन्सची गोष्ट निघाली की आधी शकुंतला येते, देव मागून. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज गाडी 1994पर्यंत वाफेवर चालली. कॉन्फरन्सला जायला दारव्ह्याहून आजी-आजोबा वळकटी, तांब्या आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक घेऊन तिच्यात चढत.

1881 साली वॉर्ड हे मिशनरी दांपत्य अमेरिकेहून बऱ्हाणपूरला आलं. पुढे त्यांच्या फ्री मेथडिस्ट मिशनचं बस्तान यवतमाळात बसलं. 1953मध्ये तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली (1983ला ती पुण्याला गेली), आणि कॉन्फरन्सच्या सभांना शिकल्या-सवरल्या उपदेशकांची वाण उरली नाही. त्यांनी काय काय मुद्दे मांडले, ते मात्र आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. गीतं ऐकली. 1895ला बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्त भजन-कीर्तनात आणून बसवला होता, त्यामुळे अक्षरओळख नसलेलेही सभेतून काहीतरी गुणगुणत परतत. आणि साक्षी! कुणाची दारू कशी सुटली, हे पाळकसाहेबांच्या तासाभराच्या उपदेशापेक्षा पक्कं लक्षात राही.

एका वर्षी उपदेश जक्कयावर झाला. उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला आणि यानं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. आजोबांना आपल्या शेताचा धुरा आठवला. चुलतभावाच्या वावरात तो थोडा थोडा सरकत गेला होता, कसा ते सगळ्या गावाला ठाऊक. परतल्यावर ते तडक भावाच्या दारात गेले, म्हणाले, तुझी जमीन घे.

भाऊ हलला नाही. “सभेची झिंग आहे, उतरन. मंग पाहू.”

आजी त्याच मांडवात, त्याच उपदेशाला बसली होती. तिचं म्हणणं वेगळंच. “न सांगता पावणे आले, त् त्या जक्कयाच्या बायकोनं रांधलं काय असन?” हे तिनं पाळकसाहेबांनाही विचारलं. ते हसले. आजीला ते हसणं आवडलं नाही. माझ्या मते तिचंच बरोबर होतं. एरवी कॉन्फरन्सच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला दुसरं काय सुचावं?

झिंग उतरली नाही. पुढच्या पेरणीआधी आजोबांनी स्वतः कुदळ घेऊन धुरा मागे सारला. ती पट्टी आज चुलत्यांची मुलं वाहतात. सातबाऱ्यावर ती अजून आमच्याच नावावर आहे; तलाठ्याकडे जायला दोन्ही घरांना सवड झालेली नाही.