द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल

अमेरिकन रॅपर व गायिका लॉरिन हिल (२६ मे १९७५ – ) यांचा पहिला आणि आजवरचा एकमेव एकल स्टुडिओ अल्बम. रफहाउस व कोलंबिया या कंपन्यांनी तो २५ ऑगस्ट १९९८ रोजी प्रकाशित केला. हिप हॉप, सोल आणि रेगे यांच्या मिश्रणातून घडलेल्या या सुमारे ७७ मिनिटांच्या अल्बमचा विषय प्रेम हा आहे. त्यात प्रियकराचे प्रेम आहे, फसलेले प्रेम आहे, तसेच मुलावरचे, गावावरचे आणि ईश्वरावरचे प्रेमही आहे.

न्यू जर्सीतील साउथ ऑरेंज येथे वाढलेल्या हिल यांनी वायक्लेफ जाँ आणि प्राझ मिशेल यांच्यासह ‘फ्यूजीज’ या त्रयीतून नाव मिळवले. त्यांचा ‘द स्कोर’ (१९९६) हा अल्बम जगभर गाजला, त्याला ग्रॅमी मिळाले आणि त्यानंतर लवकरच त्रयी विस्कटली. वायक्लेफ आणि हिल यांच्यातील प्रेमसंबंधही याच काळात तुटला. पुढे हिल यांचे सहजीवन रेगे गायक बॉब मार्ली यांचे पुत्र रोहन मार्ली यांच्याशी जुळले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांचा पहिला मुलगा झायन जन्मला. अल्बमचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते यानंतर. ते न्यूयॉर्कमधील चंग किंग आणि जमैकातील किंग्स्टन येथील टफ गाँग या स्टुडिओंत झाले. टफ गाँग हा बॉब मार्ली यांनी स्थापलेला स्टुडिओ, त्यामुळे रेगेची चाल या गाण्यांत घरातूनच आली असे म्हणता येते. १९९८च्या मध्यापर्यंत काम हातावेगळे झाले तेव्हा हिल २३ वर्षांच्या होत्या.

अल्बमच्या नावामागे इतिहासकार कार्टर जी. वुडसन यांचा ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ (१९३३) हा ग्रंथ आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांना शाळा त्यांच्याच इतिहासाबद्दल चुकीचे शिकवते, असे त्यात वुडसन यांनी मांडले होते. हिल यांनी हा आक्षेप प्रेमाकडे वळवला. अल्बम उघडतो तो शाळेच्या घंटेने. शिक्षक हजेरी घेतात, एकेक मूल ‘हजर’ म्हणते, आणि लॉरिन हिल हे नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही. ती वर्गात नाही. पुढे गाण्यांच्या अधूनमधून त्याच वर्गातील संवाद ऐकू येतात: प्रेम म्हणजे काय, ते आणि आकर्षण यांत फरक कसा करायचा, असे शिक्षक विचारतात आणि मुले बिचकत, हसत, एकमेकांना तोडत उत्तरे देतात. हे शिक्षक म्हणजे रास बराका. कवी अमिरी बराका यांचे हे पुत्र तेव्हा नुअर्कमध्ये शिकवत होते. २०१४ मध्ये ते त्याच शहराचे महापौर झाले. हे संवाद हिल यांच्या घरच्या दिवाणखान्यात मुलांना जमवून टिपले आहेत. त्यांतली अडखळ खरी आहे, आणि अल्बमचे सगळे वजन या अडखळण्याने पेलले आहे. वर्गात मुले प्रेमाची व्याख्या शोधत असतात. गैरहजर मुलगी बाहेर ती अनुभवाने शिकत असते. मुखपृष्ठावरही लाकडी बाकावर कोरल्यासारखा हिल यांचाच चेहरा आहे.

रॅप आणि गायन या दोन्हींवर सारखीच हुकूमत असलेली कलाकार त्या काळी विरळा होती. या अल्बममध्ये त्या दोन आवाजांची वाटणी लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. समोरच्याला जाब विचारायचा असला की हिल बहुधा रॅप करतात. स्वतःची कबुली द्यायची असली की गातात. ‘लॉस्ट वन्स’ हे पहिलेच गाणे जवळजवळ पूर्ण रॅप आहे. विश्वास तोडणाऱ्या जुन्या साथीदाराला त्यात सुनावलेले आहे. कोणाचे नाव घेतलेले नसले तरी श्रोत्यांनी ते वायक्लेफ यांनाच उद्देशून मानले. जमैकन गायिका सिस्टर नॅन्सी यांच्या ‘बाम बाम’ची लकेर त्यात मिसळली आहे.

लगेच पुढचे ‘एक्स-फॅक्टर’ हे त्याचे उलटे टोक. इथे रॅप नाही. सोडून जाता येत नाही आणि राहताही येत नाही, अशा नात्यात अडकलेली बाई गाते आहे. गाण्याचा पाया ‘वू-टँग क्लॅन’ या हिप हॉप गटाच्या एका गाण्याच्या तुकड्यावर उभा आहे आणि त्या गाण्यातही सोल गायिका ग्लॅडिस नाइट यांचा आवाज आधीच विणलेला होता. शेवटाकडे तीच विनवणी पुन्हा पुन्हा येते, मागचे आवाज वाढत जातात, गिटार रडू लागते. एका गाण्यापूर्वी इतका ठाम असलेला गळा इथे इतका हतबल होतो. हिप हॉपमध्ये त्या काळी ताठा सर्वत्र होता, ही हतबलता क्वचित होती. अल्बमचे मोठेपण शोधायचे तर या दोन गाण्यांच्या शेजारात शोधावे.

‘टू झायन’ हे गाणे मुलासाठी आहे. झायन म्हणजे मराठी बायबलमधील सियोन. जमैकातील रास्ताफारी पंथात हीच वचनभूमी. कारकीर्द ऐन भरात असताना मूल होऊ देऊ नको, असा सल्ला हिल यांना अनेकांनी दिला होता. तो न मानल्याची गोष्ट त्या इथे सांगतात. कार्लोस सांताना यांची गिटार आणि लष्करी संचलनासारखा ढोलाचा ठेका यांमुळे अंगाईला विजयगीताची चाल मिळाली आहे. वर्षभर आधी कॉमन या रॅपरच्या गर्भपातावरील ‘रेट्रोस्पेक्ट फॉर लाइफ’ या गाण्यातही ध्रुवपद हिल यांनीच गायले होते. दोन्ही लागोपाठ ऐकली तर एका निर्णयाच्या दोन बाजू दिसतात.

‘डू-वॉप (दॅट थिंग)’ हे सर्वाधिक गाजलेले गाणे. त्याचे पहिले कडवे बायकांना आणि दुसरे पुरुषांना शरीराच्या व पैशाच्या मोहापासून सावध करते. बायकांना दिलेला उपदेश काही समीक्षकांना जाचक वाटला. आजही तो काहीसा वडीलकीचा वाटतो. हे गाणे बिलबोर्ड हॉट १०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले. ‘आय यूज्ड टू लव्ह हिम’मध्ये मेरी जे. ब्लाइज, तर ‘नथिंग इव्हन मॅटर्स’मध्ये डीअँजेलो सोबतीला आहेत. ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’मधील पियानो जॉन लेजंड यांचा आहे, तेव्हा त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. यादीत न छापलेल्या शेवटच्या दोन गाण्यांपैकी ‘टेल हिम’ बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेते. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अल्बम इथे, प्रार्थनेत शोधतो.

पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ४,२२,००० हून अधिक प्रती विकल्या गेल्या. स्त्री कलाकारासाठी तो तेव्हाचा विक्रम होता. फेब्रुवारी १९९९ च्या ग्रॅमी सोहळ्यात हिल यांना दहा नामांकने व पाच पारितोषिके मिळाली. त्यांत वर्षातील सर्वोत्तम अल्बमचेही पारितोषिक होते आणि हिप हॉप अल्बमला हा मान प्रथमच लाभला. पुढचा असा अल्बम आउटकास्टचा ‘स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो’ (ग्रॅमी २००४). त्यातील आंद्रे ३००० यांनी रचलेला अर्धा भागही प्रेमावरच आहे.

यशासोबत वाद आला. अल्बमवर निर्मिती, लेखन आणि संयोजन हिल यांच्या नावावर होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘न्यू आर्क’ या गटातील चार संगीतकारांनी आपल्याला योग्य श्रेय दिले नाही म्हणून दावा लावला. २००१ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. या गाण्यांतले अनुभव एकट्या हिल यांचे आहेत, संगीत मात्र अनेक हातांचे आहे, हे नोंदवायलाच हवे. यानंतर हिल यांनी ‘एमटीव्ही अनप्लग्ड नं. २.०’ (२००२) हा केवळ गिटारच्या साथीचा मैफलीचा अल्बम दिला. दुसरा स्टुडिओ अल्बम आला नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या २०१४ च्या यादीत या अल्बमची निवड केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला अमेरिकेतील एक कोटी प्रतींचे ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळाले. पुढच्या कलाकारांनी यातील गाणी पुन्हा वापरली, त्यांत ‘एक्स-फॅक्टर’चा पुनर्वापर सर्वांत बोलका आहे. २०१८ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन गाणी त्यातून निघाली. कार्डी बी यांनी ‘बी केअरफुल’मध्ये त्याची चाल घेऊन बेइमान प्रियकराला बजावले, तर ड्रेक यांनी ‘नाइस फॉर व्हॉट’मध्ये हिल यांचा आवाज वेगाने फिरवून त्यावर स्त्रियांना नाचायला लावले.