नसरेद्दीन होजा : एका शहाणपणाचा इतिहास

१

मध्य अनातोलियातील आकशेहिर या गावी नसरेद्दीन होजाची म्हणून जी कबर दाखवतात, तिच्यावर ३८६ हा आकडा आहे. हिजरी ३८६ म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाचा शेवट. अनातोलियात तेव्हा तुर्कांची सत्ता पोहोचलीही नव्हती. म्हणून हा आकडा उलटा वाचावा, असे अभ्यासकांनी ठरवले. गाढवावर उलटा बसणाऱ्या माणसाचे मृत्युवर्षही उलटे लिहिले असणार, हा त्यामागचा तर्क. तसे वाचले की ६८३, म्हणजे इ. स. १२८४-८५, हे सोयीचे वर्ष मिळते. याच कबरीविषयी आणखी एक वर्णन प्रसिद्ध आहे : चारी बाजूंनी उघड्या, खांबांवर उभ्या असलेल्या या वास्तूच्या पुढल्या दाराला भले थोरले कुलूप आहे.

होजाच्या चरित्राची अवस्था या वास्तूहून वेगळी नाही. परंपरा सांगते की तो १२०८ मध्ये सिव्रीहिसारजवळच्या होर्तू गावी जन्मला, पुढे आकशेहिरला आला आणि तेथेच वारला. तेराव्या शतकातील दोन वक्फपत्रांत या नावाचा साक्षीदार आढळतो, याकडे फुआत कोप्रुलू यांनी लक्ष वेधले. परंतु नावाचा माणूस सापडणे आणि कथांचा नायक सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. होजाचा कथारूप उल्लेख प्रथम येतो तो ‘साल्तुकनामे’ या ग्रंथात. एबुल हायर रूमी याने शाहजादा जेम याच्या आज्ञेवरून तो १४८० मध्ये पूर्ण केला. कथांच्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी सर्वांत जुने १५७१ मधले असून त्यात ४३ कथा आहेत. कल्पित मृत्यू आणि पहिले हस्तलिखित यांत जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर पडते. मौखिक परंपरेत हे अंतर रिकामे नसते. पण त्यातून चरित्र उभे राहत नाही.

होजा होऊन गेला की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ‘शहाणा’ हे विशेषण त्याला कसकसे चिकटत गेले आणि ते चिकटवताना काय खरवडून काढावे लागले, हा आहे. लोकपरंपरेतील शहाणपण हा पात्राचा अंगभूत गुण असतो, असे आपण सहज गृहीत धरतो. होजाच्या बाबतीत तो पुष्कळ अंशी संपादनाचा परिणाम आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

होजाच्या कथांपैकी मोठा भाग त्याच्याहून जुना आहे. अरबी परंपरेत जुहा नावाचा एक वेडगळ माणूस नवव्या शतकापासून आढळतो. अल्-जाहिझने त्याचा उल्लेख केला आहे, तर इब्न अन्-नदीमने ९८७ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथसूचीत जुहाच्या चुटक्यांच्या पुस्तकाची नोंद आहे. पुढे तुर्की होजा आणि अरबी जुहा इतके एकमेकांत मिसळले, की एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये छापलेल्या संग्रहात ‘रूमचा जुहा’ ही नसरेद्दीनचीच ओळख ठरली.

या मिश्रणाचा एक पुरावा विशेष लक्षणीय आहे. होजा ज्या शतकात आणि ज्या प्रदेशात जगला असे मानतात, त्याच शतकात आकशेहिरपासून फार दूर नसलेल्या कोन्या नगरीत मौलाना जलालुद्दीन रूमी राहत होते. त्यांचे निधन १२७३ मधले. त्यांच्या ‘मसनवी’त जुहा ‘जुही’ या नावाने येतो. एक मुलगा बापाच्या शवपेटीपुढे आक्रोश करीत आहे : तुम्हांला आता अशा घरी नेत आहेत जिथे दिवा नाही, चटई नाही, भाकरी नाही. ते ऐकून लहानगा जुही आपल्या बापाला म्हणतो, बाबा, हे प्रेत आपल्याच घरी आणताहेत. हीच कथा पुढे होजाच्या नावावर सांगितली जाऊ लागली.

रूमींनी ही कथा ईश्वरी प्रकाशाला मुकलेल्या अंतःकरणाचे रूपक म्हणून योजली आहे. म्हणजे वेडगळ माणसाच्या चुटक्याचे आध्यात्मिक उन्नयन हे आधुनिकांचे पाप नव्हे. त्याची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. परंतु रूमींच्या ग्रंथात चुटका आणि त्याचे तात्पर्य या दोन्ही गोष्टी वाचकासमोर शेजारीशेजारी असतात. दिवा आणि भाकरी नसलेल्या घराचे दारिद्र्य तात्पर्याने पुसले जात नाही. किंबहुना ते दारिद्र्य अस्सल नसेल तर रूपकच उभे राहणार नाही. आधुनिक काळात हे शेजारपण संपले. तात्पर्य राहिले, घर गेले.

३

होजाला शहाणपण मिळण्याची पहिली मोठी पायरी म्हणजे तैमूरशी पडलेली त्याची गाठ. परंपरेनुसार होजा वारला १२८४ च्या सुमारास, तर तैमूर अनातोलियात आला १४०२ मध्ये. या दोन माणसांची भेट होणे अशक्य होते. तरीही त्यांच्या भेटीच्या कथा सर्वांत लोकप्रिय कथांपैकी आहेत.

त्यांपैकी हमामखान्यातील कथा पाहू. तैमूर विचारतो, मी गुलाम असतो तर माझी किंमत किती आली असती? होजा एक आकडा सांगतो. तैमूर रागावून म्हणतो, एवढी किंमत तर माझ्या कमरेच्या या पंचाची आहे. होजा उत्तरतो, मी तेवढीच धरली होती. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबीने आपल्या प्रवासवर्णनात ही कथा होजाच्या नावावर सांगितली. पण त्याआधीच्या उस्मानी कविचरित्रांत ती अहमेदी या कवीविषयी सांगितली जात असे. अहमेदी १४१३ मध्ये वारला; म्हणजे तो तैमूरचा समकालीन होता. दरबारी कवीचे चातुर्य खेड्यातल्या मौलवीकडे वर्ग झाले.

हा बदल का झाला असावा? अंकाराच्या लढाईत तैमूरने उस्मानी सुलतान बायेझीद याला कैद केले. हा कैदी सुलतान १४०३ मध्ये वारला तो आकशेहिर येथेच. म्हणजे होजाचे गाव हेच उस्मानी मानहानीचेही गाव आहे. जेथे सुलतान हरला तेथे होजा जिंकतो, असा या कथांचा अनुक्त अन्वय लावता येतो. शिवाय तैमूर हा परका विजेता. त्याला हसण्यात जोखीम नव्हती. स्वतःच्या सुलतानाविषयी जे बोलता येत नाही ते परक्याच्या नावावर बोलता येते. कालविपर्यास हा येथे अज्ञानाचा परिणाम नसून कथेची गरज आहे.

मात्र याच चक्रातील हत्तीची कथा वेगळे काही सांगते. तैमूरने एका गावाला आपला हत्ती पोसायला दिला. गाव मेटाकुटीला आले. गावकरी होजाला पुढे घालून तक्रार करायला निघाले. पण छावणी जवळ येऊ लागली तसा एकेक जण मागच्या मागे सटकला. तैमूरसमोर उभे राहिल्यावर होजाच्या ध्यानात आले की आपण एकटेच आहोत. तेव्हा तो म्हणाला, महाराज, हत्ती फार गुणी आहे, एकटा कंटाळतो, एक हत्तीणही द्यावी. याला शहाणपण म्हणावे, भित्रेपणा म्हणावे, की गावावर उगवलेला सूड? कथा निर्णय देत नाही. हमामखान्यातला होजा सत्तेला निरुत्तर करतो. हत्तीच्या कथेतला होजा सत्तेपुढे वाकतो आणि वाकता वाकता आपल्याच माणसांना उघडे पाडतो. पुढील काळाने पहिला होजा उचलून धरला. दुसरा मात्र पहिल्याइतका सोयीचा नव्हता.

४

१८३७ मध्ये इस्तंबूल येथे होजाच्या कथा प्रथम छापल्या गेल्या. छापील पुस्तक घरात, शाळेत, मुलांच्या हाती जाऊ लागले, तसतशी कथांची निवड बदलत गेली. विसाव्या शतकात होजावर नवनव्या जबाबदाऱ्या येऊन पडल्या. जलील मम्मदगुलुजादे यांनी १९०६ मध्ये तिफ्लिस येथे ‘मोल्ला नसरेद्दीन’ हे व्यंग्यपत्र काढले. १९३१ पर्यंत, मध्ये खंड पडत, चाललेल्या या पत्रात होजा कर्मठ मुल्लांचा आणि वसाहतवाद्यांचा टीकाकार झाला. सोव्हिएत लेखक लिओनीद सोलोव्योव यांच्या कादंबरीत (पहिला भाग १९४०) तो बुखाऱ्याच्या अमीराविरुद्ध गरिबांची बाजू घेणारा बंडखोर झाला. या कादंबरीचा दुसरा भाग लेखकाने श्रमछावणीत लिहिला, हा इतिहासाचा क्रूर विनोद होय. १९६६ मध्ये इद्रीस शाह यांनी इंग्रजी वाचकांसमोर त्याला सूफी गुरू म्हणून उभे केले. पुण्यातील आपल्या प्रवचनांतून रजनीश यांनी ज्या मुल्ला नसरुद्दीनचे किस्से सांगितले, तो बव्हंशी त्यांच्या मनात येईल ते वाहून नेणारा हमाल होता. मराठी वाचकांच्या एका पिढीला हे नाव परिचित झाले ते या वाटेनेही.

या सर्वांच्या भूमिका परस्परांहून भिन्न आहेत, परंतु एका बाबतीत त्यांचे एकमत दिसते. होजाला काहीतरी ठाऊक आहे आणि ते तो आपल्याला शिकवतो आहे, असे सगळेच धरून चालतात.

या गृहीतकाला सर्वांत गंभीर धक्का दिला तो पेर्तेव नाइली बोराताव यांनी. १९४८ मध्ये अंकारा विद्यापीठातील त्यांचे लोकसाहित्याचे अध्यासनच बंद करण्यात आले. पुढे त्यांनी फ्रान्समध्ये राहून काम केले. जुनी हस्तलिखिते तपासून त्यांनी होजाच्या कथांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात मलमूत्र, संभोग, गाढव आणि भूक यांच्या कथा जशाच्या तशा होत्या. हे पुस्तक ज्या प्रकाशनसंस्थेकडे होते तिने ते प्रसृत करण्यास नकार दिला आणि अखेर १९९६ मध्ये ते दुसरीकडून प्रसिद्ध झाले. योगायोग असा, की हेच वर्ष युनेस्कोच्या पुढाकाराने ‘नसरेद्दीन होजा वर्ष’ म्हणून साजरे झाले. एकीकडे जागतिक शहाणपणाचा गौरव आणि दुसरीकडे त्याच माणसाच्या सर्वांत जुन्या कथा छापण्यास नकार, असे हे चित्र आहे. जुनी कथा अश्लील होती म्हणून ती वगळली, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. अश्लील कथेतील होजा कोणाचाही शिक्षक होऊ शकत नव्हता, म्हणूनही ती वगळली गेली.

५

मग शहाणपणाचे कवच काढल्यावर उरतो तो केवळ मूर्ख काय? तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. मराठीत आपण ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ असे म्हणतो. ज्याला वेड पांघरून पेडगावला जायचे असते त्याला पेडगाव ठाऊक असते. होजाच्या कथेत नेमके हेच कळत नाही. भांडे व्याले म्हणून शेजाऱ्याला छोटे भांडे देणारा आणि नंतर मोठे भांडे मेले म्हणून सांगणारा होजा निःसंशय धूर्त आहे. आकशेहिरच्या तळ्यात विरजण घालून ‘लागलेच तर?’ असे विचारणारा होजा धूर्त आहे, भाबडा आहे की निराश, हे सांगता येत नाही. वादीला ‘तुझे बरोबर’, प्रतिवादीला ‘तुझे बरोबर’ आणि दोघांचे बरोबर कसे असेल असे विचारणाऱ्या बायकोला ‘तुझेही बरोबर’ म्हणणारा काझी तत्त्वज्ञ आहे की अपात्र अधिकारी? दोन्ही वाचने संहितेत समबळ आहेत.

या अनिश्चिततेला एक सामाजिक आधार आहे. ‘होजा’ हे मुळात नाव नसून पद आहे : मशिदीत नमाज पढवणारा, मुलांना शिकवणारा, वेळप्रसंगी निवाडा करणारा. मदरशाची विद्या आणि खेड्याची भूक यांच्या मधोमध हा माणूस उभा आहे. विद्येमुळे त्याला प्रवचन देणे भाग आहे आणि भुकेमुळे मेजवानीत अंगरख्यालाच ‘खा बाबा’ म्हणणे भाग आहे. घरात चोर शिरला असे बायको सांगते तेव्हा तो म्हणतो, गप्प राहा, त्याला काही सापडले तर आपण ते काढून घेऊ. येथे हसू अधिकाराचेही आहे आणि अभावाचेही.

बाख्तिन यांनी राबलेच्या संदर्भात मांडलेली उत्सवी हास्याची संकल्पना येथे मोहात पाडते. भाजलेल्या मांसाच्या वासाची किंमत नाण्याच्या आवाजाने चुकवण्याची कथा तर राबले आणि होजा या दोघांकडेही आहे. परंतु बाख्तिन यांच्या उत्सवाला पंचांगातील एक दिवस असतो, आणि त्याच्या मुळाशी विपुलता असते. होजाला असा राखीव दिवस नाही. त्याचे हास्य रोजच्या टंचाईतून येते, आणि कथा संपल्यावर टंचाई तशीच राहते.

२०२२ मध्ये तुर्कस्तान, अझरबैजान आणि मध्य आशियातील पाच देश मिळून एकूण सात राष्ट्रांच्या वतीने होजाच्या कथाकथनाची परंपरा युनेस्कोच्या मानवी अमूर्त वारशाच्या यादीत दाखल झाली. त्याचे नागरिकत्व आता एका राष्ट्राचे राहिले नाही, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु वारसा म्हणून जे जतन होते ते निवडून जतन होते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने कथेचा अर्थ विचारण्यापूर्वी ती कोणत्या हस्तलिखितातून आली, कोणत्या छापील आवृत्तीत बदलली आणि कोणत्या शालेय पुस्तकातून गळली, हे विचारले पाहिजे. होजाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की कळते, कुलूप फक्त पुढल्या दाराला आहे. हस्तलिखितांच्या बाजूने आत जाता येते. मात्र तिथे भेटणारा माणूस आपल्याला काही शिकवीलच, ही अपेक्षा बाहेर ठेवून जावे लागते.